साडेपाच, आठ की कधीही?

जहाजावर पाऊल ठेवायच्या चार महिने आधी चिरंजीवांचा सिएटलहून फोन आला. "बाबा, रात्रीचं जेवण साडेपाचला हवंय, आठला, की कधीही?"

फेब्रुवारी महिना होता. जेवण जूनमधलं होतं. चार महिन्यांनंतर आपल्याला किती वाजता भूक लागणार आहे हे आज सांगायची सक्ती मी त्याआधी फक्त मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडून ऐकली होती.

"साडेपाचला मी चहा घेतो," मी म्हणालो.

"मग आठ लिहू?"

"आठला तुझ्या आईची मालिका असते."

"बाबा, बोटीवर मालिका नाही. मग 'कधीही' लिहितो."

"कधीही म्हणजे नक्की किती वाजता?"

पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला. "आणि हे काही जमलं नाही तर वर बुफे असतोच," असं सांगून त्याने फोन ठेवला. शेवटी त्याने आठच लिहिलं. पण बुफेची ही बातमी म्हणजे आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारातला सर्वांत लांबलेला वाद आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

अलास्काची सहल सिएटलहून निघते आणि सात रात्रींनी सिएटललाच परत येते. मधे केचिकन, जुनो, स्कॅगवे अशी बंदरं लागतात, हिमनदी लागते, नशीब असेल तर व्हेल लागतो. पण ही सगळी दिवसाची कामं. संध्याकाळ झाली की अडीच-तीन हजार माणसांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: वर जायचं की खाली? वर म्हणजे पंधराव्या मजल्यावरचा बुफे. चप्पल घालून जा, हवं ते घ्या, हवं तिथे बसा. खाली म्हणजे चौथ्या मजल्यावरची डायनिंग रूम. तिथे पांढरे टेबलक्लॉथ, ठरलेलं टेबल, ठरलेला वेटर, हातात मेन्यूकार्ड. दोन्ही एकाच तिकिटात. आम्हां मध्यमवर्गीयांची खरी अडचण इथेच झाली. एखाद्या गोष्टीला जास्त पैसे पडत असते तर निर्णय आपोआप झाला असता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही वर गेलो. दारातच एक पोरगा हातात फवारा घेऊन "वॉशी वॉशी" असं गाणं म्हणत उभा होता. बोटीवर नोरोव्हायरस नावाचा पोट बिघडवणारा विषाणू शिरला तर केबिनमागून केबिन आडवी होते, आणि या विषाणूवर त्या फवाऱ्यापेक्षा साबण-पाणी जास्त चालतं. म्हणून शेजारीच बेसिनांची रांगही होती. पाचशे माणसं एकच पळी हातात धरणार म्हटल्यावर ते योग्यच आहे. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा. मी हात धुवा म्हटलं की कटकट. हा गातो तर त्याचं कौतुक."

आत गेलो आणि माझं भान हरपलं. नजर पोचेल तिथपर्यंत जेवण. कुठे माणूस मांस कापून देतोय, कुठे पास्ता परततोय, एका कोपऱ्यात डाळ, भात, पापड आणि चक्क लोणचं. मी ताट घेतलं आणि जे जे वाटेत आलं त्याचा मान राखत गेलो.

आपल्या ताटाला व्याकरण असतं. मीठ वर, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधे भाताची मूद. डोळे मिटून जेवलं तरी बोट चटणीत जायच्या जागी चटणीतच जातं. बुफेच्या ताटात मात्र कर्ता, कर्म, क्रियापद सगळं एकाच डावात पडतं. माझ्या ताटात सामन माशाच्या तुकड्याला पिझ्झा टेकला होता, पिझ्झाखालून डाळ वाहत पास्त्यात शिरली होती, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला कडेला चॉकलेट केकचे दोन तुकडे उभे होते. दोन का, तर एक घेतल्यावर मागच्या माणसाला वाटलं असतं की आपल्याला आवडला नाही.

मग जागेचा शोध. खिडकीजवळच्या प्रत्येक टेबलावर कुणाची तरी टोपी, चष्म्याचं घर नाहीतर अर्धं वाचलेलं पुस्तक. माणूस कुठेच नाही. ते बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. स्वारगेटला एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला अमेरिका परकी वाटायचं काहीच कारण नाही. नातवाची टोपी मी एका टेबलावर टाकली आणि आमचं साम्राज्य घोषित केलं.

बुफेबद्दल माझं प्रेम त्याच रात्री जडलं. 'बुफे' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ जेवणाच्या खोलीतलं भांडीकुंडी, खाणंपिणं ठेवायचं कपाट. म्हणजे आपलं फडताळ! आजोळी वेंगुर्ल्याला दुपारी सगळे झोपले की मी फडताळातला लाडू पळवायचो. तेव्हा पाठीत धपाटा बसायचा. तोच उद्योग आज राजरोस, रुंद ताट घेऊन करता येत होता. जपान्यांनी तर याला आणखी समर्पक नाव दिलंय. १९५८ साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने स्कॅन्डिनेव्हियन पद्धतीची, हवं तेवढं घ्या अशी मेजवानी सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं 'व्हायकिंग'. तेव्हापासून जपानी माणूस अशा जेवणाला 'बायकिंगु' म्हणतो. समुद्रावरचे लुटारूच ते. पंधराव्या मजल्यावर ताटं घेऊन धावणाऱ्या आमच्याकडे बघून हे नाव कुणाला पटलं नसतं?

दुसरा दिवस सोमवार. संध्याकाळी 'फॉर्मल नाइट'. हाफ पँटवाल्यांना त्या दिवशी डायनिंग रूममध्ये प्रवेश नाही. ते सगळे निमूट वर बुफेला जातात. मी निवृत्तीच्या समारंभात मिळालेला ब्लेझर चढवला. त्यातली तेव्हाची छाती आता पोटाकडे बदली होऊन गेली होती. हिने पैठणी नेसली. जिन्यावरून उतरताना तीन अमेरिकन बायकांनी तिला थांबवून पदरावरचे मोर बघितले. माझ्या ब्लेझरची चौकशी कुणी केली नाही.

टेबलाशी बसल्याबरोबर वेटरने हिच्या मांडीवर नॅपकीन पसरला. ही एवढी दचकली की उठूनच उभी राहिली. मग माझ्या पुढ्यात पाहिलं तर तीन काटे, तीन सुऱ्या, दोन चमचे. सूनबाईंनी हळूच मंत्र दिला, "बाबा, बाहेरून आत." पहिल्या पदार्थाला सर्वांत बाहेरचं हत्यार, मग त्याच्या आतलं. मी पहिल्याच पदार्थाला आतलं उचललं आणि पुढे तासभर एका काट्याने मागे राहिलो.

मेन्यूकार्ड वाचणं हे वेगळंच प्रकरण. एका ओळीत 'एस्कार्गो' होतं. चिरंजीवांनी सांगितलं की ती लसूण-लोण्यातली गोगलगाय. नातवाला मराठी म्हणी शिकवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी लगेच "गोगलगाय अन् पोटात पाय" ही म्हण सांगितली. त्याने विचारलं, "आजोबा, मग आपण ती खाल्ली तर पाय कुणाच्या पोटात?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मग मी थंड स्ट्रॉबेरीचं सूप मागवलं. ते आलं, मी चाखलं आणि ओळखलं: शिकरणाचीच ही गोरी, शहरात वाढलेली चुलत बहीण. फक्त शिकरण जेवणात पोळीबरोबर येतं, आणि हिला इथे सर्वांच्या आधी मान.

आणि मग खरी परीक्षा झाली. त्या रात्री मेन्यूवर लॉब्स्टर होता. लॉब्स्टर म्हणजे आमची शेवंड. वेंगुर्ल्याच्या माणसासमोर कुणी शेवंड ठेवावी आणि ती लोण्यात न्हालेली असावी, आणि दिवस सोमवार असावा! सोमवारी मी मासळीला शिवत नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. जहाजावर सोमवारचे रात्रीचे आठ म्हणजे वेंगुर्ल्यात मंगळवारचे सकाळचे साडेआठ. मी हा हिशेब हिच्यासमोर मांडला. "म्हणजे देवाच्या दृष्टीने सोमवार संपला," मी म्हणालो.

"संपला ना?" ही म्हणाली. "मग सकाळी साडेआठला कुणी शेवंड खातं का?"

मी खाल्ली. पण ती मीठ कमी असल्यासारखी लागली.

आमचा वेटर गोव्याचा निघाला. बोटीवर प्रत्येकाच्या छातीवरच्या पट्टीत नावाखाली देशही लिहिलेला असतो. त्याच्या पट्टीवर 'इंडिया' होतं, पण हिचं "आमटी असेल का हो?" ऐकून त्याने "तुमी खंयचे?" असं विचारलं आणि मीही कोकणात शिरलो. तो मडगावचा. आजोबाही बोटीवरच होते. गोव्याच्या घरांत हे नवीन नाही. ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर गोवेकर स्टुअर्ड पिढ्यान् पिढ्या काम करत आले, आणि बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या 'कुडां'मध्ये पथारी टाकून राहायचे. तोही कित्येक महिने सलग समुद्रावर असतो आणि करार संपला की घरी जातो. "घरी गेलो की मी टेबल लावीत नाय," तो म्हणाला. "आई वाढता, मी खाता."

हिने त्या वाक्यावर एक भुवई वर केली. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

त्याने दोन गुपितं सांगितली. पहिलं, आज सांगितलं तर उद्या भारतीय जेवण बनवून मिळतं. दुसरं, या खोलीत एकाऐवजी दोन मुख्य पदार्थ मागवले तरी सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त मागायला जीभ उचलावी लागते. मला एकदम वाटलं, ही तर पंगत! रांगोळी नाही, केळीचं पान नाही, पण वाढपी आहे, ठरलेली जागा आहे आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी सुरुवात करत नाही. एवढंच की इथे वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन धावत नाही आणि जिलबीची पैज लागत नाही.

हे सुचल्यावर मला आनंद झाला, पण मत बदललं नाही. पुढचे दोन दिवस मी वरच्या पक्षाचा प्रचार केला. माझे मुद्दे बिनतोड होते. एक, बुफेला वेळ लागत नाही. खाली चार पदार्थांच्या मधल्या वेळात भूक मरते आणि परत जन्म घेते. दोन, वरून व्हेल दिसतात. तीन, एखादा पदार्थ आवडला नाही तर कुणाचं मन न दुखवता दुसरा घेता येतो. चार, वरची मंडळी रंगतदार. रोज एक जैन कुटुंब भेटायचं. सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नियम, आणि जूनमध्ये जुनोला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला. ते काका साडेनऊला शांतपणे आइसक्रीमच्या यंत्राखाली वाटी धरून उभे असायचे. म्हणायचे, "एवढा सोपा धर्म आयुष्यात पाळला नव्हता."

विरुद्ध पक्षाकडेही इतिहास आहे, हे मान्य करतो. 'टायटॅनिक'वर १९१२ साली पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना तिकिटातलं जेवण मोठ्या डायनिंग सलूनमध्ये मिळायचं. तरीही ज्यांना ते पुरेसं वाटत नव्हतं त्यांच्यासाठी जादा पैसे घेणारं 'अ ला कार्ट' रेस्टॉरंट होतं. म्हणजे जहाज कोणतंही असो, बुडणारं असो वा तरंगणारं, जेवायला कुठे जायचं हा प्रश्न माणूस केबिनमध्ये बॅग ठेवायच्या आधीच विचारतो.

चौथ्या दिवशी मी हट्टाने सगळ्यांना वर नेलं आणि तिथेच माझा पराभव झाला. मी ताट भरून आणलं, खुर्चीत टेकलो आणि सवयीने म्हणालो, "अगं, पाणी?" ती उठली. पाणी आणलं. मग नातवाला केचप हवा होता. ती उठली. मला चमचा नव्हता. ती उठली. सूनबाई फोनवर ऑफिसशी बोलत होत्या, त्यांचं सूप गार होत होतं, म्हणून ते बदलून आणायला ती उठली. येताना माझ्यासाठी दही घेऊन आली, कारण माझ्या ताटात दही दिसत नव्हतं. मी तिला बुफेचं स्वातंत्र्य समजावून सांगत होतो. सांगत होतो की माणूस इथे स्वतःच स्वतःचा यजमान असतो.

ती बसली. तिचा भात गार झाला होता. "अहो," ती म्हणाली, "हा बुफे म्हणजे आपलं स्वयंपाकघरच आहे. फक्त ओटा दोनशे फूट लांब."

चिरंजीव ताटात बघू लागले. सूनबाईंनी फोन ठेवला.

मला त्या क्षणी वेंगुर्ल्याची लग्नं आठवली. पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग पाहुण्यांची, आणि सगळ्यांत शेवटी वाढणाऱ्या बायकांची. तोवर श्रीखंडाच्या पातेल्याला तळ दिसायचा आणि आमटीत फोडी उरायच्या नाहीत. आई त्या पंगतीला बसायची आणि निम्म्यात कुणीतरी तिला हाक मारायचं. आम्ही पहिल्या पंगतीतले लोक तेव्हा ओसरीवर पान लावत बसलेलो असायचो. माझ्या बिनतोड मुद्द्यांच्या यादीत हा मुद्दा आला नव्हता, याचं कारण उघड होतं. आयुष्यभर वाढून घेतलेल्या माणसाला स्वतः ताट घेऊन हिंडणं ही मौज वाटते. आयुष्यभर वाढलेल्या बाईला मौज कशात वाटेल, ते मला विचारावंच लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज खाली. टाकलेल्या अन्नाची हळहळही जरा कमी झाली, कारण खाली जे येतं ते मोजकं. बोटीवर उरलेलं अन्न यंत्रात बारीक दळतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते किनाऱ्यापासून निदान ३ सागरी मैल लांब गेल्यावरच समुद्रात सोडता येतं. माझ्या ताटातल्या दुसऱ्या केकचा किती माशांना काकबळी मिळाला असेल, हा हिशेब मी नंतर केला नाही.

शेवटची संध्याकाळ कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरात. तिथे थांबण्यामागे अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकन बंदरातून निघून पुन्हा अमेरिकन बंदरात प्रवासी उतरवायचे असतील, तर मधे कुठेतरी परदेशी बंदर लागावंच लागतं. बरीचशी मंडळी वर घाईघाईने खाऊन गाव बघायला उतरली. आम्ही उतरलो नाही. सव्वाशे वर्षांहून जुन्या कायद्यासाठी हिने आपली आठची पंगत सोडायला नकार दिला.

शेवटी सगळे दिवे मंद झाले, वेटर नॅपकीन फिरवत नाचत आले आणि हातात 'बेक्ड अलास्का'. आत आइसक्रीम, बाहेर भट्टीत भाजलेलं अंड्याच्या फेसाचं कवच. अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतला, त्या खरेदीवरून हे नाव पडलं असं सांगतात. न्यूयॉर्कच्या डेलमोनिको रेस्टॉरंटचा शेफ चार्ल्स रॅनहोफर याच्या १८९४ च्या पाकपुस्तकात हाच पदार्थ 'अलास्का, फ्लोरिडा' या नावाने आहे. गार आणि गरम, दोन्ही प्रांत एकाच बशीत.

गोवेकराने हिच्या बशीत एक तुकडा ठेवला. तिने संपवला. त्याने न विचारता दुसरा ठेवला. तोही संपला. तिसरा घेऊन तो वाकला आणि म्हणाला, "घ्या मगो, आज शेवटचो दिवस." आणि हिने बशीवर आडवा हात धरला. बोटं जुळवलेली, मान एका बाजूला, "नको नको, पुरे आता" असं म्हणत, चेहऱ्यावर हसू. हा हात मी हजार पंगतींत पाहुण्यांनी धरलेला पाहिला आहे. तिने स्वतः धरलेला कधी पाहिला नव्हता. आग्रह करण्यात हिचा हात धरणारा आमच्या नात्यात कुणी नाही, पण आग्रह मोडायला तिला पस्तीस वर्षांत जागाच मिळाली नव्हती. गोवेकराने तिसरा तुकडा तिच्या बोटांच्या फटीतून सरकवलाच. पक्का वाढपी.

निघताना हिने त्याला पाकीट दिलं. सेवेचे पैसे बिलात रोज कापले जातातच, हे मुलाने दोनदा सांगितलं. तिने वीस डॉलरच्या नोटेवर आठवणीने एक डॉलर ठेवला. त्याने पाकीट उघडून तो एक डॉलर पाहिला आणि कपाळाला लावला. अमेरिकन लोकांना तो सुट्टा वाटला असता.

पुण्याला परत आलो. पहिल्या रात्री मी सवयीने पावणेआठला हात धुऊन टेबलाशी बसलो. ओट्यावर पिठलं, भात, भाकरी, ठेचा, सगळं तयार होतं. ही आली, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली, हात पुसायचा नॅपकीन नीट उलगडला आणि मांडीवर पसरला.

"आज काय करायचं?" तिने विचारलं. "बुफे की डायनिंग रूम?"

मी शहाणपणाने म्हणालो, "डायनिंग रूम."

"मग उठा," ती म्हणाली. "वाढा."